बाजेवरचा सोलर

"धरा, पण आत्ताच उचलू नका," असं ती म्हणायची आणि मग पदर खोचायला एवढा वेळ लावायची की वाकून माझी कंबर दुखायची. त्या दिवशी दुपारीही तेच. मी म्हटलं, "तू कावून आली व वर? जिना चढला की दम लागते तुले." ती म्हणाली, "बाज एका टोकानं फिरते का?" आम्ही बाज उचलली, तिच्यावर बांधलेल्या सोलरच्या प्लेटचं तोंड उगवतीकडून मावळतीकडे केलं आणि खाली ठेवली. ती तिथंच सावलीत टेकली. माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं हे शेवटचं काम.

तुम्ही म्हणाल, सोलरची प्लेट कोणी बाजेवर ठेवतं का. तेल्हाऱ्यात आमच्या घरी होती.

आम्ही दोघं जिनिंगमधली माणसं. ती कापसातला कचरा वेचायची, मी गाठी उचलायचो. तिथंच ओळख झाली, तिथंच लग्न ठरलं. म्हातारपणी तिच्या छातीनं त्या कापसाची आठवण काढली. दम लागायला लागला. डॉक्टरनं वाफेचं मशीन दिलं. मशीन लाईनवर चालायचं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाईन कधी जाईल सांगता येत नाही. एकदा मशीन तोंडाला असतानाच लाईन गेली. ती तशीच बसून राहिली, डोळे माझ्यावर. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. वाऱ्यानं काय होतं?

मग अकोल्याला जठारपेठेत जाऊन एक प्लेट, एक बॅटरी आणि एक इन्व्हर्टर आणलं. आम्हाला त्यातलं काही समजत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी पंखा, टीव्ही, बल्ब, सगळं त्याच्यावर लावलं. संध्याकाळी लाईन गेली आणि थोड्या वेळात आमचा सोलरही गेला. मी दुकानदाराला शिव्या दिल्या. ती म्हणाली, "अवो, आपल्याले का जिनिंग चालवाची हाय? मशीन आन् एक बल्ब, बस." हे तिचं नेहमीचं. भाजीत मीठ कमी पडलं, पाहुणे आले नाहीत, मी आवाज चढवला, सगळ्याला एकच उत्तर. आपल्याले का जिनिंग चालवाची हाय.

दुकानदारानं सांगितलं होतं, प्लेट थोडी कलती ठेवा, तोंड दक्षिणेकडे करा, पुन्हा हात लावायचं काम नाही. मी तशी मांडायला निघालो तर ती जिन्यात आडवी उभी.

"दक्षिणेले तोंड? मेलं कोण घरात?"

"अव, दुकानदार म्हणते."

"त्याच्या दुकानाचं तोंड कुठं हाय, पाह्यलं का तुमी?"

मी पाहिलं होतं. पूर्वेकडे होतं. 

तिनं प्लेट पूर्वेकडे लावायला लावली. दुपार कलली की बॅटरी भरायची थांबायची आणि संध्याकाळी लाईन गेली की मशीन अर्ध्यावर बंद पडायचं. श्वासही तिचा, हट्टही तिचाच. मला राग यायचा. शेवटी तिनंच तोड काढली. सुतळीची बाज गच्चीवर नेली, तिच्यावर विटांचा टेका देऊन प्लेट कलती बांधली. सकाळी पूर्वेकडे, दुपारी पश्चिमेकडे. फिरवतानाही उत्तरेकडून फिरवायची, दक्षिणेकडून नाही. क्षणभरसुद्धा नाही.

मशीन मग पुरं चालायला लागलं. शेजारचा रहीम गादीवाला हसायचा. "चाची, इसको चादर भी ओढा दो."

"थंडी पडू दे," ती म्हणायची.

त्या दुपारी आम्ही बाज फिरवली. संध्याकाळी लाईन गेली. मशीन बॅटरीवर चाललं. तिनं वाफ घेतली, तोंडावरचं स्वतः काढून ठेवलं आणि भिंतीला टेकली. मी चहा करून आणला तोवर ती गेली होती. बल्ब चालू होता. बॅटरी भरलेली होती. कशातच खोट नव्हती. शिव्या द्यायला कोणी सापडत नाही, हे जास्त वाईट.

बायांनी उशाशी कणकेचा दिवा लावला आणि वात दक्षिणेकडे केली. आमच्या घरात तेवढी एकच वस्तू तिकडे तोंड करून बसली.

सकाळी अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. लोक माझ्यासाठी थांबले होते. मी गच्चीवर गेलो. प्लेट मावळतीकडे तोंड करून होती आणि ऊन मागून येत होतं. एकट्यानं बाज ओढून पाहिली, विटा घसरायला लागल्या. रहीम मागोमाग वर आला. हळूच म्हणाला, "चाचा, आता दक्खनले लावून टाकू. रोजची झंझट मिटंन."

मी म्हटलं, "चाची घरातच हाय अजून."

 त्यानं दुसरं टोक धरलं. उत्तरेकडून वळवून आम्ही बाज उगवतीला लावली. मग मी खाली आलो आणि खांदा दिला.