एक दात उंच

वस्तादला कुणी निवृत्त म्हटलेलं खपत नसे. "लॅब बंद झाली, मी नाही," असं ती ठणकावून सांगायची. दातांच्या लॅबमध्ये तिने उभं आयुष्य कवळ्या बनवण्यात घालवलं, वस्ताद हे नावही तिथलंच. तिच्या हातची एकही कवळी दुरुस्तीला परत आली नव्हती. हे ती पाहुण्यांना पाणी पुढे करण्याआधीच सांगून टाकी. खंत एकच होती. कवळी बसवायचे डॉक्टर, त्यांच्या दवाखान्यात. डबीत घालून पाठवलेलं काम कुणाच्या तोंडात कसं दिसलं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तिची लेक घरी बसून कार्टूनपट करायची. लेकीचा स्वतःचा पहिला लघुपट संपत आला आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड तापून बंद पडू लागलं. आठवड्याभरात चित्रं तयार झाली नाहीत तर स्पर्धेची मुदत हुकणार होती. हे कार्ड गेलं तर दुसरं घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून लेकीने एका मित्राकडून वापरलेला वॉटर ब्लॉक आणला. आतून पाणी खेळणारा हा धातूचा चपटा ठोकळा कार्डावर बसवला की ते थंड राहतं. ब्लॉक आला, पण सोबतचा माहितीचा कागद मित्राने कधीच हरवला होता.

"मधल्या मोठ्या चिपला हा ब्लॉक टेकतो, मध्ये फक्त उष्णता पोचवणारा लेप," लेक समजावू लागली. "पण भोवतीच्या मेमरीच्या चिप बुटक्या आहेत. तिथे फट राहते, म्हणून हे मऊ थर्मल पॅड घालायचे. किती जाड, तेच कळत नाहीये. नेटवर जो तो वेगळंच सांगतोय. मला तर हात लावायचीच भीती वाटते, आई."

"आण इकडे." वस्तादचे हात केव्हाचे शिवशिवत होते.

लेकीने सगळ्या जाडीचे पॅड मागवून ठेवले होते. वस्तादने ते बोटांत दाबून पाहिले आणि दीड मिलिमीटरचे उचलले. "जरा जास्त असलेलं बरं. स्क्रू आवळले की दबतील."

पाणी भरलं, कुठे गळत नाही ना ते पाहिलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर मधल्या चिपच्या तापमानाचा आकडा असा सरसर चढला की लेकीने धावत जाऊन बटण बंद केलं. मेमरी मात्र गारच होती. लेकीचे डोळे भरून आले. दारात उभा असलेला वस्तादचा नवरा म्हणाला, "म्हणजे पहिली कवळी परत आली तर!"

एरवी वस्तादने त्याला फाडून खाल्लं असतं. आज मात्र ते इतकं झोंबलं की तिने पुन्हा स्क्रू काढले, ब्लॉक उचलला. मधल्या चिपवरचा लेप जसाच्या तसा होता. ब्लॉक तिथे धड टेकलाच नव्हता. वस्तादने कपाळावर हात मारला.

"अगं, दात उंच राहिला! एक दात उंच राहिला की बाकीचे टेकतच नाहीत. शिकाऊ पोरींवर मी याच्यासाठी ओरडायचे, आणि स्वतःच बसले की जाड पॅड घालून!"

मग कपाटातून गुलाबी मेणाचा डबा निघाला. चावा कसा बसतो हे पाहायला लॅबमध्ये हेच मेण वापरत. मेमरीच्या चिपवर पातळ प्लास्टिकचे तुकडे ठेवून त्यांवर तिने कोमट पाण्यात मऊ केलेल्या मेणाच्या गोळ्या ठेवल्या. ब्लॉक बसवला, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. मेण घट्ट झाल्यावर उघडून चपट्या झालेल्या टिकल्या लॅबमधल्या जाडी मोजायच्या काट्याने मोजल्या. एक मिलिमीटरला जराशा कमी भरल्या.

"एकचा पॅड, आणि त्यातला सगळ्यात मऊ. कडक घेतलास तर पुन्हा तेच रडगाणं."

जुना लेप पुसून नवा लावला, सगळं पुन्हा जोडलं. या वेळी आकडा चढला, रेंगाळला आणि थांबला. लेकीने लघुपटातला सगळ्यात जड प्रसंग चालवून पाहिला, तरी तो जागचा हलला नाही.

"आता बोला, कुठे आहे तुमची परत आलेली कवळी?" वस्तादने नवऱ्याला विचारलं. तो मेणाच्या टिकल्या गोळा करायला लागला.

लेक पडद्याकडे पाहत होती. मग आईकडे वळली आणि तोंडभर, खळखळून हसली. वस्ताद त्या हसण्याकडे टक लावून पाहत राहिली. ऊर अभिमानाने भरून आला होता.

"काय बघतेस गं असं?"

"काही नाही. काम बसल्यावर कसं दिसतं, ते बघतेय. इतकी वर्षं कुणी दाखवलंच नाही."