फॉरवर्डेड मेनी टाइम्स

स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी विचारतंच, "मग मॅडम, आज काय नवीन?" ओतूरजवळच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात माहिती कुठं शोधायची आणि खरी कशी ओळखायची, हे मी शिकवते. म्हणजे शिकवते असं आपलं मला वाटतं! एक किस्सा सांगून होईतो वर्गात दुसरा तयार असतो.

*

मयूरी निरगुडसरची, चुणचुणीत पोरगी. पहिल्याच तासाला तिच्या हातात औषधांचं जाडजूड पुस्तक दिलं आणि एक औषध शोधायला सांगितलं. तिनं पुस्तक उलटंपालटं केलं, मागचं कव्हरसुद्धा बघितलं.

"मॅडम, ह्यात सर्च कुठं मारायचा?"

मी शेवटची पानं उघडून सूची दाखवली.

"अय्या! हे आधीपासून व्हतं?"

*

सानिया जुन्नरची. वडलांचं बांगड्यांचं दुकान, त्यामुळं बोलण्यात कुणाला ऐकणार नाही. तिच्या डायबेटिसच्या प्रोजेक्टमध्ये वाक्य होतं, 'कारल्याचा रस प्या, आठवड्यात इन्सुलिन बंद!'

"हे कुठून घेतलंस?"

"व्हॉट्सॲपवरून."

"आणि खरं कशावरून?"

तिनं मोबाईलच माझ्यापुढं धरला. "बघा ना मॅडम, वर लिहिलंय, फॉरवर्डेड मेनी टाइम्स. म्हणजे किती जणांनी तपासलंय!"

*

मयूरीचा केअर प्लॅन तपासत होते. पेशंट येडगावचे आजोबा, दम्याचे. मजकूर इतका छान की मला संशय आला. शेवटच्या ओळीत, निळ्या पेनानं, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'हा प्लॅन आणखी सोप्या भाषेत करून देऊ का?'

मोबाईलमधल्या एआयचं उत्तर उतरवून काढताना पोरीनं तेही उतरवलं होतं! मी खाली लाल पेनानं लिहिलं, 'नको.'

दुसऱ्या दिवशी मयूरी दारात. "मॅडम, नको म्हणजे नेमकं काय नको?"

*

एकदा मात्र हसण्याची सोय नव्हती. भर तासाला मयूरीला घरून फोन आला. चुलतभावाला उसात पायाला साप चावला होता. घरचे म्हणाले, तू नर्सिंगवाली, सांग काय करायचं. हिनं फटकन एक व्हिडिओ पाठवून दिला. दोरी आवळा, ब्लेडनं चीर द्या!

मी फोन हिसकावला आणि ओरडले, "काही कापू नका, बांधू नका! पाय हलवू देऊ नका आणि आधी गाडी काढा!"

पोरगं वेळेत दवाखान्यात पोचलं, वाचलं. मयूरी रडत म्हणाली, "पण मॅडम, त्या व्हिडिओला लई लाइक्स व्हते."

"सापानं बघितला होता का तो?"

*

त्यानंतर मी फर्मान काढलं. कुणी काहीही सांगो, आधी विचारायचं, 'सोर्स काय?' पोरींनी ते इतकं मनावर घेतलं, की परवा मी वर्गात म्हणाले, "उद्या सुट्टी आहे."

सानिया उभी राहिली. "मॅडम, सोर्स?"

*

आणि हा गेल्या आठवड्यातला. पोरींना घेऊन वॉर्डात गेले होते. एक बाळंतीण बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी सासू. डॉक्टरांनी जंताची गोळी लिहून दिली होती. बाळंतिणीनं मयूरीला विचारलं, "सिस्टर, ही गोळी घेतल्यावर दूध पाजलं तर चालंल का?"

मयूरीनं गोळीचं नाव मोबाईलवर टाकलं. पहिलं जे आलं ते उघडलं आणि मी पोचायच्या आत, अगदी तज्ज्ञाच्या थाटात, मोठ्यानं वाचलं, "औषध दिल्यावर तीन दिवस दूध डेअरीला घालू नये."

बाळंतीण सासूकडं बघायला लागली. सासूनं पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "न्हाई बाई, आमी डेअरीला न्हाई घालत. घरातच लागतंय!"