सुट्टीतली रात्रपाळी

ही माझी पाठची बहीण. सगळं हॉस्पिटल तिला सिस्टर म्हणतं, पण खरा हक्क माझा! मी सातवीतून गॅरेजला लागलो ते हिला शिकवायलाच. सव्वीस वर्षं रात्रपाळी केली तिनं. एक लेट मार्क दाखवा, मिशी उतरवतो.

मागच्या महिन्यात पहाटे चारला तिला खुर्चीत डुलकी लागली. दहा मिनिटं. तेवढ्यात सात नंबर खाटेवरचे आजोबा गेले. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जाग्या असतात तरी ते गेलेच असते." आजोबांच्या घरच्यांनीही बोट दाखवलं नाही. पण हिचं सगळं गोठलं. रडली नाही, कुणावर चिडली नाही. भाजीत मीठ नव्हतं तरी मुकाट जेवली. राजीनामा लिहिला आणि बंद पाकीट माझ्या हातात दिलं. "दादा, सोमवारी मेट्रनबाईंना नेऊन दे."

मी पाकीट घेतलं आणि तिला सहलीला धाडलं. आमच्या सात पिढ्यांत विमानात बसलेली ती पहिली, सांगून ठेवतो!

रविवारी रात्री गाईडनं सगळ्यांना परक्या देशातल्या त्या अवाढव्य शहराच्या रात्रबाजारात सोडलं. इमारतींच्या अंगावर दिवे पळत होते, माणसांचा नुसता पूर. बायका खरेदीला पांगल्या.

"काय झगमगाट आहे, नाही?" एकीनं विचारलं.

"हो," ती म्हणाली. दिवे दिसत होते, इतकंच.

मोठ्या घड्याळासमोरच्या बाकावर ती सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसली. शेजारी ग्रुपमधलेच, एकटे आलेले पोस्टमास्तरकाका. बोलता बोलता काकांची मान छातीवर पडली.

तिची दोन बोटं आपोआप त्यांच्या मनगटावर गेली. नजर काट्यावर. बहात्तर. पाच मिनिटांनी परत. बहात्तर. चौकात रंगीत कारंजं उडालं, लोकांनी टाळ्या पिटल्या. तिनं मान वळवली नाही. डोळे जड झाले तशी उठून उभी राहिली, पण मनगट सोडलं नाही. सव्वा तास.

काकांनी एक डोळा उघडला. "काय सिस्टर, चालू आहे की बंद पडलं?"

"चालू आहे."

"मग हात सोडा की! या वयात माझी बदनामी करता?"

"अर्धं मिनिट थांबा."

काका थांबले. मग म्हणाले, "तुम्ही पण जरा डोळा लावायचा."

"आमच्यात चालत नाही." मग त्याच सुरात, "एकदा लावला होता. पेशंट गेला."

काका दिव्यांकडे बघत म्हणाले, "मला घरी झोप लागत नाही हो. सकाळी उठलोच नाही तर कळणार कुणाला, हेच डोक्यात. आज मात्र मेल्यासारखा झोपलो."

तिनं पिशव्या मोजल्या. अकराच्या अकरा होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन.

"दादा, पाकीट दिलंस?"

"मी? मी देतोय होय! पान्यांच्या पेटीत तळाला टाकलंय."

"तिथंच राहू दे. मेट्रनबाईंना सांग, शुक्रवारपासून नाइटला येते."

आवाज तसाच, कोरडा. मी विचारलं, शहर कसं आहे?

"बघायचं राहिलं," म्हणाली आणि नाश्त्याला गेली.