पेपर झाल्यावर सांगू

आमच्या घरी फोन वाजला की निम्म्या वेळा पलीकडे कुणीतरी गेलेलं असतं. ह्यांचं कामच तसलं. काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं घर, खाली पंचगंगेचा घाट. महाराष्ट्रातून कुणी अस्थी घेऊन आलं, कुणाला श्राद्ध करायचं असलं, की लोक ह्यांना शोधत येतात. सासऱ्यांकडेही असेच येत. सुतक कुणाला, किती दिवस, लग्न तोंडावर आलंय तर काय करायचं, असले फोन नागपूर-इंदूरहूनसुद्धा येतात आणि ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुम्हांला कळलं कधी? कारण लांबच्या माणसाचं सुतक कळल्यापासून धरतात. कळलंच नाही तर लागत नाही. म्हणून घरात कार्य निघालं की शहाणी माणसं बजावून ठेवतात, वाईट काही असेल तर आत्ता सांगू नका. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ह्याचं हसू यायचं. वाईला माझे वडील पोस्टात होते. तार आली की ती लगोलग पोचवायची, मग ती कसलीही असो, हा आमच्या घरचा धर्म.

माझी मुलगी त्या वर्षी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. आदल्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं. ऐन परीक्षेच्या तोंडावर माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी वाईला निघून गेले. आई पडली तर लेक जाणार नाही तर काय करणार? मागे घरात बापलेक. बाप पहाटेपासून घाटावर, लेक मॅगी करून खायची आणि फिजिक्सचं पुस्तक उघडं ठेवून रडत बसायची. मी परत आले तोवर पेपर झालेला होता. निकाल लागल्यावर मला कुणी अक्षर बोललं नाही, त्याचाच मला संताप आला होता. मग एके दिवशी पोळ्या लाटत होते तेव्हा मुलगी जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तिला पुन्हा बसायचंय, पण ह्या वेळी मी घरी असेन ना? मी म्हटलं, असेन.

मग सुरू झालं आमचं वर्ष. आमचंच म्हणायचं, कारण तिच्याइतकाच मीही तो कोर्स केला. सकाळी ती दुर्गाकुंडला कोचिंगला जायची, ई-रिक्षाने, मैदागिनच्या चौकातला ट्रॅफिक जाम सोसत. दुपारी ती आली की जेवण, मग मी हातात बायोलॉजीचं पुस्तक धरून तिला प्रश्न विचारायची. ग्लोमेरुलस हा शब्द मी दिवसातून दहादा उच्चारायची, आणि तो शरीरात कुठे असतो हे मला आजही धड सांगता येणार नाही. ती हसायची, म्हणायची, "मम्मी, तू ना, वाचू नकोस, सिर्फ बस समोर." मी बसायची. तिचा मोबाइल कपाटात बंद केला होता, म्हणून माझाही टाकला. पोरीला उपाशी ठेवून आईने समोर बसून चरायचं, हे मला जमत नाही. मी साधा बटणांचा फोन घेतला. नात्यातले ग्रूप, फोटो, शुभप्रभात, सगळं सुटलं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

रविवारी मी दादाला, म्हणजे माझ्या भावाला, वाईला फोन करायची. आई अंथरुणाला खिळली होती. ऐकूही येत नव्हतं तिला, फोन कानाला लावला तर ती तो ढकलून द्यायची. तेव्हा दादाच सांगायचा, आज पेज घेतली, आज डॉक्टर येऊन गेले, आत्ता झोपली आहे. मी म्हणायची, पेपर झाला की येते. तो म्हणायचा, ये सावकाश.

एप्रिलमध्ये ऊन तापलं, वीज जायला लागली, आणि त्यातच ह्यांची पाठ धरली. असं हेच म्हणाले. बाहेरच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून निजायला लागले. देवपूजा शेजारच्या गुरुजींना सांगितली, वाकवत नाही म्हणून. मी बाम घेऊन गेले तर नको म्हणाले. मी चांगली तडकले. पाठ एवढी दुखते तर माणसाने डॉक्टरला दाखवावं, एकीकडे पोरीला डॉक्टर करायला निघालोय आणि स्वतः मात्र चटईवर लोळायचं, असं बरंच काही ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एरवी माझं एक वाक्य खाली पडू देत नाहीत. पुढच्या दिवसांत रोज संध्याकाळी दोघींसाठी उसाचा रस आणायला लागले, माझी भांडी विसळून ठेवायला लागले. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन बापालाही आलंय. मनात म्हटलं, चला, आलं म्हणायचं एकदाचं.

तिचं सेंटर नदीपलीकडे रामनगरला आलं. गेटवर बापे-बाया रांगेत आणि पोरं चपला घालून, अर्ध्या बाह्यांची, एकेक करून आत जातायत. तपासणीला बसलेल्या बाईने तिच्या मनगटातला गंडा कात्रीने कापला. कानातले मी आधीच काढून ठेवले होते. आत जाताना तिने वळून बघितलं ते मी आहे ना एवढंच बघायला. मी हात वर केला. नंतर आम्ही सगळे आईबाप एका भिंतीच्या सावलीत बसलो आणि सावली सरकेल तसे सरकत राहिलो. हे थोडे लांब बसले होते. माझ्याकडे बघत होते नुसते.

ती बाहेर आली ती हसतच. फिजिक्स चांगला गेला म्हणाली. मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, उराशी धरलं. आनंद झाला होता मला. तो आनंद अजून आठवतो, म्हणून लिहून ठेवते.

घरी आलो. पोरगी जेवली आणि आडवी झाली. हे म्हणाले, तूही जेवून घे आधी. मी जेवले. ताट उचलायला लागले तर म्हणाले, राहू दे, बस जरा.

"आई गेल्या," ते म्हणाले.

मी विचारलं, "कधी?"

त्यांनी सांगितलं. तेरावासुद्धा होऊन गेला होता. दादाने मला झोपली आहे म्हणून सांगितलं तो एक रविवार, आणि त्याच्या पुढचाही. दादाचा पहिला फोन ह्यांच्याकडे आला होता आणि दोघांनी मिळून ठरवलं होतं, पेपर झाल्यावर सांगू. सासूचं सुतक जावयालाही थोडं असतं. ते ह्यांनी पाळलं, बाहेरच्या खोलीत, चटईवर. मी त्या पाठीला बाम लावायला निघाले होते.

मी अस्थींचं विचारलं. इतकी वर्षं ह्या घरात काढल्यावर बाई दुसरं काय विचारणार? त्यांनी माझं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, दादा येऊन गेला. त्याला त्याच आठवड्याची रजा मिळत होती, गाडीचं आरक्षण पुढे नव्हतं. एका धर्मशाळेत उतरला, सकाळी विसर्जन करून दुपारच्या गाडीने परत गेला. "इथेच, पंचगंगेला. मीच सांगितलं सगळं. नीट केलं, काही कमी ठेवलं नाही."

"आणि मी कुठे होते?"

"वर होतीस. पोरीसाठी स्वयंपाक करत होतीस."

मग ते समजावत राहिले. मला कळलं असतं तर मी वाईला धावले असते, नाहीतर इथे तीन दिवस बाजूला बसले असते. पोरीकडे कोणी बघायचं, तिचं दुसरं वर्षही गेलं असतं. आईंनाही हेच पटलं असतं, असं म्हणाले. त्यावर मी म्हटलं, आईला काय पटलं असतं ते तुम्ही सांगू नका. तेवढंच बोलले. एरवी मी भाजीत मीठ जास्त झाल्याचं कुणी बोललं तर आठवडाभर अबोला धरते. त्या दिवशी भांडण शोधून सापडेना. त्यांनी सांगितलं, आईवडिलांचं कितीही उशिरा कळलं तरी लेकीला तीन दिवस, आता आंघोळ कर. मी मुकाट्याने न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. गार पाणी होतं, एवढं कळलं. रडू आलं नाही. मला काहीच वाटलं नाही.

मुलीला सकाळी सांगितलं. ती थोडी रडली, माझ्या जवळ यायला लागली, मी शिवू नकोस म्हटलं. ती बाजूला बसून राहिली आणि मग झोपली. थकली असेल म्हटलं.

पुढचे दोन-तीन महिने मी सगळं केलं. लोक सांगतात म्हणून सांगते, फार नीट केलं. निकाल लागला, मार्क चांगले आले, शेजारपाजारच्या बायका पेढे मागायला आल्या, मी पेढे दिले. निवासाच्या दाखल्यासाठी तहसिलीत गेले. तिथला बाबू आडनाव वाचून म्हणाला, आप लोग तो महाराष्ट्र के हैं. पूर्वी मी त्याला ऐकवलं असतं की बाबा रे, तुझ्या खापरपणजोबाच्या आधीपासून हे घराणं इथे नदीचं पाणी पितंय. मी फक्त कागद पुढे केले. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता, पोरीच्या शेजारी बसून तो भरला. पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. पोरीने नखं खाऊन बोटं लाल केली, मी तिच्या पुढ्यात जेवणाचं ताट ठेवत राहिले. दुसऱ्या फेरीत सरकारी कॉलेज मिळालं. ती किंचाळत माझ्या गळ्यात पडली. मी तिची पाठ थोपटली आणि मनात म्हटलं, आता आनंद व्हायला पाहिजे. तो झाला नाही. घाटावर मी जायचीच बंद झाले होते. भाजीला जाताना लांबच्या गल्लीने जायची. दादाचा फोन आला की मी म्हणायची, कामात आहे.

हॉस्टेलवर सोडायला आम्ही तिघं गेलो. ह्यांना फीच्या रांगेत उभं केलं आणि आम्ही दोघी सामान घेऊन खोलीवर गेलो. दोन पलंग, दोन टेबलं. दुसऱ्या मुलीची आई कपाट पुसत होती आणि मधून मधून पदर डोळ्यांना लावत होती. थोड्या वेळाने ती बादली-मग आणायला खाली गेली. मी गादीवर चादर घालायला लागले.

माझी मुलगी पुस्तकं लावत होती. माझ्याकडे पाठ होती तिची. "मम्मी," ती म्हणाली, "मी मामाला पाहिलं होतं."

मी विचारलं, कुठे. तिने सांगितलं. कोचिंगला निघाली होती सकाळी. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या दुकानात मामा बसला होता, डोक्याचा गोटा केलेला, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी. शेजारी बाबा. आमच्या घरात वाढलेल्या पोरीला ह्याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. मामाचं लक्ष नव्हतं. बाबांनी पाहिलं तिला, आणि फक्त मान हलवली, नाही म्हणून. ती तशीच पुढे जाऊन रिक्षात बसली. त्या दिवशी कोचिंगमध्ये सराव परीक्षा होती, ती दिली. बापलेक ह्यावर एकमेकांशीही कधी बोलले नाहीत म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

तेव्हा ती वळली. "तू गेली असतीस, मम्मी. नाहीतर घरात रडत बसली असतीस. मग माझा अभ्यास झाला नसता." मग म्हणाली, "मला सीट पाहिजे होती."

बारीक तोंड केलं नाही, माफी मागितली नाही. खरं तेच बोलली. म्हणजे आई माझ्या घराखालून गेली ती वेळ नवऱ्याला माहीत होती, भावाला माहीत होती, आणि रोज माझ्यासमोर बसून माझ्या हातचं जेवणाऱ्या ह्या पोरीलाही माहीत होती. नव्हती ती मलाच. इतके दिवस मी पुस्तक धरून तिच्या समोर बसत होते, आणि तीही तशीच बसून माझ्याकडे बघत होती.

मी चादरीचं टोक गादीखाली खोचलं.

"तुला राग आला?" तिने विचारलं.

"आला," मी म्हटलं. खरंच आला होता, ह्यांचा, दादाचा आणि सगळ्यांत जास्त तिचा. आणि तो आला त्याच्या मागोमाग आई आली. मी त्या पलंगावर बसले आणि रडायला लागले, मोठ्याने, गळा काढून, जसं वाईला दारात रडायला पाहिजे होतं तसं. मुलगी हातातलं पुस्तक तसंच धरून उभी राहिली.

दुसऱ्या मुलीची आई बादली घेऊन दारात आली. तिने बादली खाली ठेवली, माझ्या शेजारी बसली, आणि तिचेही डोळे भरून आले. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रोइए मत दीदी. दिवाली में आ जाएगी."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिने त्या बाईला काही सांगितलं नाही. मीही नाही.