दोन पाकिटांतील पिसे

कोंबड्या पाळून संसार चालवणाऱ्या या बाईंना घरात सारे ‘वकीलबाई’ म्हणत, कारण उलटतपासणी केल्यावाचून त्यांनी कोणाकडून चिमूटभर मीठही घेतले नव्हते. त्यांच्या शेडमधील कोंबड्या एक पाय पुढे व एक मागे ताणून लुळ्या पडू लागल्या आणि कापून पाहिल्यावर यकृतावर गाठी आढळल्या, तेव्हा त्यांचा संशय थेट भिंतीपलीकडील धाकट्या जावेच्या कोंबड्यांवर गेला.

प्रयोगशाळेतून एक बाई आली. तिने समजावले की, गाठी आणणारा हा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो. दोन्ही शेडमधील विषाणूंची जनुके ताडून पाहिली, तर त्यांचे मूळ एकच आहे का, हे कळेल. धाकटी बाजारात गेली होती. म्हणून वकीलबाईंपुढे दोन पाकिटे करत प्रयोगशाळेची बाई म्हणाली, “तिकडचीही पिसं तुम्हीच घालून ठेवा, मी जाताना नेते.”

वकीलबाईंच्या मनात पाल चुकचुकली. ही काय वाटेल ते सांगणार आणि आपण माना डोलवायच्या! तिची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी आपल्याच एका आजारी कोंबडीची पिसे दोन्ही पाकिटांत भरली. निकाल वेगवेगळे आले, की थापा उघड्या पडतील.

निकाल आला, तेव्हा धाकटीही हजर होती.

“दोन्हीकडे एकच विषाणू आहे, तसूभरही फरक नाही,” प्रयोगशाळेची बाई म्हणाली. “धाकट्या जाऊबाईंच्या कोंबड्या जुन्या, म्हणजे आजार त्यांच्याकडूनच तुमच्याकडे आला असावा. त्यांची शेड रिकामी करावी लागेल.”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. “ताई, आजार माझ्याकडचाच म्हणून तुम्ही कानीकपाळी ओरडत होतात, मीच ऐकलं नाही. उद्याच सगळ्या काढून टाकते. पोटाचं बघू काहीतरी.”

हेच ऐकायला वकीलबाईंचे कान आसुसले होते. आता मात्र ते त्यांना ऐकवेना. गप्प राहिल्या असत्या, तर कोणाला काय कळले असते?

“काढू नकोस,” त्या म्हणाल्या. “दोन्ही पाकिटांत माझ्याच कोंबडीची पिसं होती.”

“असं का केलंत?” प्रयोगशाळेच्या बाईने विचारले.

“तुम्ही खऱ्या की खोट्या, ते बघायचं होतं.”

“मग?”

“खऱ्या निघालात. तीच तर पंचाईत झाली.”

धाकटी हसली नाही. तिने नवी पाकिटे मागून घेतली. “माझ्या कोंबड्यांची पिसं मी उपटणार. आणि तुमची उपटताना, ताई, मी समोर उभी राहणार.”

वकीलबाईंनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या, दोन्ही रिकामे तळवे तिला दाखवले आणि शेडचे दार उघडले.

“ये,” त्या म्हणाल्या, “पण आधी पाय धुऊन ये.”