ख्वाजा पिंजाऱ्याची हरकत

गळ टाकणाऱ्या माणसाच्या शब्दावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस वाईट नसतो, पण माशाचा विषय निघाला की त्याची जीभ आपोआप वाकडी वळते. मुरगूडच्या अलीकडं वेदगंगेच्या काठी आमचं गाव, आणि तिथला ख्वाजा पिंजारी या बाबतीत सगळ्यांचा गुरू.

शाहू महाराजांच्या राज्यातली गोष्ट. प्लेग ओसरला होता आणि लोक पुन्हा गाद्या भरून घ्यायला लागले होते. ख्वाजा दिवसभर कापूस पिंजायचा. तो कापूस नाकातोंडात जायचा, छातीत बसायचा आणि बिचारा खोकून खोकून बेजार व्हायचा. दिवस कलला की तो नदीच्या डोहावर जाऊन आपल्या ठरलेल्या दगडावर गळ टाकून बसे. पाण्यावरचा वारा लागला की खोकला थांबे. मासा मिळे तो वर. येताना कुणी विचारलं, "काय गावलं का?" की उत्तर ठरलेलं, "काय न्हाय." आणि पंच्यात गुंडाळलेली मरळ काखेत वळवळत असायची! खरं सांगितलं तर उद्या सगळा गाव डोहावर लोटेल, ही भीती. ज्ञानू कुंभार आणि बाकीचे गळवालेही हाच धर्म पाळत.

एके दिवशी दवंडी पिटली. कुणा गोऱ्या पाहुण्याला मोठ्या माशांची शिकार करायची होती, म्हणून डोह गावाला बंद करायचा विचार होता. कुणाची हरकत असेल तर त्यानं चावडीत येऊन सांगावी. ख्वाजाला घास गोड लागेना.

चावडीत अंमलदार हंबीरराव बसले होते. आवाज करडा, पण माणूस ऐकून घेणारा. पुढं गळवाले उभे, मागं सगळा गाव.

"डोहात काय काय गावतं?" त्यांनी ज्ञानूला विचारलं.

प्रश्न सरळ होता. पण तो भर गावासमोर विचारला होता, त्यामुळं ज्ञानूच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काय न्हाय, सरकार."

शेजारचा म्हणाला, "चिंगळीसुदीक न्हाय." ख्वाजानं एकदा मागं गावाकडं पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "मासा कसला, सरकार? बेडूकबी ऱ्हात न्हाय तितं!"

"मग बंद केला तर तुमचं नुकसान काय?"

असली शहाणी माणसं गावात असल्यावर शत्रू कशाला हवा?

तेवढ्यात मागून ख्वाजाची बायको चाँदबी कडाडली, "खोटं बोलत्यात, सरकार! माझ्या चुलीवर रोज मासं शिजत्यात!"

"असं व्हय?" हंबीरराव खूश झाले. "मग पाहुण्यांना डोह पसंत पडणार."

इकडं आड, तिकडं विहीर. शेवटी ख्वाजानं हात जोडले. "सरकार, माशाचं ऱ्हाऊ द्या. दिसभर कापूस छातीत जातोय. त्या दगडावर बसलो की तेवढा दम येतोय बघा. डोह बंद झाला तर मी खोकूनच मरतोय की." आणि त्याला अशी उबळ आली की आवरेना. कुणी हसलं नाही. माणूस पहिल्यांदा खरं बोलला होता.

हंबीरराव म्हणाले, "उद्या तो दगड दाखव मला."

दुसऱ्या दिवशी ख्वाजानं त्यांना दगडावर बसवलं आणि हातात गळ दिला. वारा सुटला होता, पाणी निवांत होतं. अंधार पडायच्या सुमाराला हातभर लांब मरळ लागली. हंबीरराव लहान मुलासारखे ओरडले आणि लगेच स्वतःच गप्प झाले. परतीच्या वाटेवर ज्ञानू आडवा आला. "काय गावलं का, सरकार?"

हंबीररावांनी उपरणं काखेत घट्ट धरलं. "काही नाही," ते म्हणाले.

'डोहात शिकारीजोगा मासा नाही, बंदीची गरज दिसत नाही,' असं त्यांनी वर कळवलं. डोह मोकळा राहिला आणि गळवाल्यांनी गावभर गूळ वाटला.

त्याच संध्याकाळी ख्वाजा उड्या मारत डोहावर गेला. दगडावर हंबीरराव आधीच येऊन बसले होते. "ये, ख्वाजा. बस की तिकडं," त्यांनी मायेनं पलीकडची बाभळ दाखवली. तिथं काटे होते आणि वारा नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"आवो, मग चावडीत जाऊन हरकत घ्या की!" खोकला ऐकून चाँदबी वैतागली.

"घेतली आसती," ख्वाजा म्हणाला, "पर हरकती ऐकणाराच त्या दगडावर बसलाय."