एक पेला जास्त

बाबा गेल्यावर मी त्यांचं कपाट पंधरा दिवस उघडलं नव्हतं. दाराला आतून सामानाची यादी चिकटवलेली असणार, आणि एखादा रुमाल कमी निघाला तर जबाब मला द्यावा लागणार, अशी भीती होती. यादी होतीच. रुमालही बरोबर भरले. पण सगळ्यात खालच्या कप्प्यात, पंच्यात गुंडाळलेला, यादीत नसलेला एक पेला निघाला. पांढरा, इनॅमलचा, बुडाला लष्करी सामानावर असते ती बाणाची खूण. आत बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘निर्णय येईपर्यंत ठेवणे. वापरू नये.’

माझ्या सोबतीला राहिलेल्या आत्याने पेला उलटा करून पाहिला. “चला,” ती म्हणाली, “एवढ्या वर्षांत दादाने निदान एवढं तरी आणलं.”

तिला हसू आलं. मला नाही. बाबा लष्कराच्या डेपोंमधलं सामान तपासायचे, पण त्यांचं ऑफिस लष्कराच्या हाताखाली नव्हतं. “आमच्यावर तिथल्या कुणाचाही हुकूम चालत नाही,” असं ते सांगायचे, आणि आई त्यांना लगेच कोथिंबीर आणायला पाठवायची. ज्याला तपासायचं त्याचा चहा प्यायचा नाही, म्हणून ते घरून थर्मास न्यायचे आणि झाकणातून चहा प्यायचे. शेवटच्या आजारात त्यांनी नर्सला बजावलं होतं, “माझ्या नावावर चादर एक, अंगावर दोन. लिहून घ्या.” असल्या माणसाच्या कपाटात सरकारी पेला! हे चोरीचं असेल, तर आमचं सगळं बालपण विनाकारण बिनसाखरेचं गेलं असं म्हणायला हवं होतं. दिवाळीत कुणी कंत्राटदार मिठाई घेऊन आला, की ती दारातूनच परत जायची.

मला झोप लागेना. शेवटी बाबांच्या डायरीतून एका जुन्या स्टोअरकीपरचा नंबर काढला. बाबा गेल्याचं कळल्यावर त्यांनीच आधी फोन केला होता आणि बोलता बोलता रडले होते. स्वारगेटच्या मागे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते राहतात. मी पिशवीतून पेला काढून टेबलावर ठेवला, तसे ते एकदम ताठ बसले.

“या अल्ला. हा अजून आहे?”

“काका, हा बाबांकडे कसा आला?”

“मी टाकला ना त्यांच्या पिशवीत!”

मग त्यांनी सांगितलं. तपासणीत वस्तू कमी भरली तर कुणीतरी पळवली, हे उघडच. पण जास्त भरली तर दुप्पट वांधा: म्हणजे नोंद खोटी, किंवा कुणाची तरी आणून इथे लपवलेली. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक डेपोत जास्तीचं सामान कुठेतरी सरकवायची धांदल असायची. त्या वर्षी सगळं जुळलं आणि ऐन वेळी एक पेला जास्त निघाला.

“साहेब मोजत मोजत दारापर्यंत आले होते, ताई. खिशात मावेना. समोर त्यांची थर्मासची पिशवी. मी विचार केला, तपासणाऱ्याची पिशवी कोण तपासणार?”

“आणि बाबांना कळलंच नाही?”

“घरी जाऊन कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून आपटला. मी म्हटलं, साहेब, हा आमचा नाहीच. आमचे सगळे भरतात, तुम्हीच कालच्या कागदावर सही केलीय.”

ते हसता हसता खोकले. बाबांनी मग आपल्याच ऑफिसला रिपोर्ट दिला: एक पेला जास्त, सापडण्याचे ठिकाण, तपासणी अधिकाऱ्याची पिशवी. डेपोने कळवलं, आमच्याकडे काहीही कमी नाही. ऑफिसने कळवलं, निर्णय होईपर्यंत वस्तू सांभाळून ठेवावी. निर्णय काही आला नाही.

“माझं नाव?” काका म्हणाले. “त्यांना माहीत होतं. लिहिलं नाही. म्हणाले, पिशवीत कुणी टाकला ते मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी लिहीत नाही.”

मी पेला त्यांच्याकडे सरकवला. “आता तुम्हीच ठेवा.”

“नको गं बाई. माझ्या घरात एक जास्त होईल.”

कोथरूडला परत येताना बसमध्ये मी पेला मांडीवर घेऊन बसले होते. बाबा चोर नव्हते, एवढंच हवं होतं. ते मिळाल्यावर मात्र मला रडू आलं. त्या पेल्यातून ते घोटभर चहाही प्यायले नव्हते.

घरी आल्यावर मी चिठ्ठीवर बाबांच्या ओळीखाली ‘ताबा घेतला’ असं लिहून सही केली. आत्या चष्मा लावून बघत होती.

“ताबा देणाऱ्याची सही कुठाय?”

“तो माणूस नाहीये आता.”

“दादाला असलं चाललं नसतं हं.”

“माहितेय,” मी म्हटलं आणि पेला पुन्हा पंच्यात गुंडाळला. “येऊ देत ना तपासायला.”